एका अक्षराचा फरक : रीड जुळवताना सेटिंग्ज का बघायच्या?



मागच्या पाठात सिक्वेन्सिंग मशीनमधून काय बाहेर पडतं ते आपण पाहिलं. आज पुढचा टप्पा बघू. मशीनने दिलेले लाखो छोटे तुकडे संदर्भ जीनोमवर कुठे बसतात हे ठरवायचं, आणि ते ठरवणाऱ्या सॉफ्टवेअरची सेटिंग्ज आपल्या हातात असतात. बरेचजण ती आहेत तशीच ठेवून पुढे जातात. काही उत्साही मुलं कुठेतरी वाचून दोन आकडे बदलतात आणि निकाल बदलला की माझ्याकडे येतात, "सर, आता यातलं खरं कुठलं?"

उदाहरण लांबचं घेत नाही. आपल्या संगमेश्वरचंच घेतो.

जून २०२१ आठवतोय ना? तुमच्यातले बरेचजण तेव्हा शाळेत होते, मोबाईलवर तास चालायचे. २१ जूनला आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी राज्यात 'डेल्टा प्लस'चे २१ रुग्ण सापडल्याचं सांगितलं. त्यातले ९ रत्नागिरी जिल्ह्यातले, ७ जळगावचे आणि बाकीचे मुंबई, ठाणे, पालघर, सिंधुदुर्गचे. लगेच दुसऱ्या दिवशी केंद्राने हा प्रकार चिंताजनक ठरवला आणि त्यात रत्नागिरीचं नाव आलं. मग राज्यातल्या डेल्टा प्लसच्या पहिल्या मृत्यूची बातमी आली, ती संगमेश्वरची. शास्त्री आणि सोनवीच्या संगमावरचं आपलं गाव दोन दिवस देशभरच्या वाहिन्यांवर होतं. आजूबाजूच्या काही गावांत निर्बंध आणखी कडक झाले. मुंबईहून फोन यायचे, "तुमच्याकडे काय नवीन निघालंय म्हणे?"

नवीन निघालं होतं ते एक अक्षर. अतिशयोक्ती करत नाहीये, खरोखर एकच अक्षर.

कोरोना विषाणूचा जीनोम २९,९०३ अक्षरांचा धरतात. जानेवारी २०२० मध्ये चीनमधून जाहीर झालेला वुहानचा क्रम जगभर संदर्भ म्हणून वापरला जातो. त्यातल्या २२,८११ ते २२,८१३ या तीन जागांवर ए-ए-जी अशी अक्षरं आहेत. स्पाइक प्रथिनातला ४१७ वा अमिनो आम्ल, म्हणजे लायसीन, इथून येतो. २२,८१३ व्या जागेवर जी ऐवजी टी आला की ए-ए-टी होतं आणि लायसीनच्या जागी अ‍ॅस्परॅजीन येतो. यालाच के-४१७-एन म्हणतात. डेल्टाचे नेहमीचे बदल आणि वर हा एक बदल, म्हणजे डेल्टा प्लस. वंशावळीत त्याला एवाय-१ असं नाव पडलं, त्याचाच भाऊ एवाय-२.

तेव्हा राज्याने दर जिल्ह्यातून महिन्याला शंभर नमुने सिक्वेन्सिंगला पाठवायचं ठरवलं होतं. नमुना इथून दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेत जायचा आणि शेवटी निकाल असायचा की २२,८१३ व्या जागेवर जी आहे की टी. त्या एका उत्तरावर गावाच्या वेशीवर बांबू लागणार की नाही ते ठरायचं. म्हणून हे अक्षर नीट वाचलं जाणं ही साधी गोष्ट नव्हती.

पण मशीन जीनोम सलग वाचत नाही. इल्युमिना पद्धतीत साधारण १५० अक्षरांचे तुकडे मिळतात, त्यांना रीड म्हणतात. समजा एकाच पोथीच्या हजार प्रती आहेत आणि सगळ्या कात्रीने बारीक कापून एका पोत्यात भरल्या. तुमच्यासमोर एक न कापलेली जुनी प्रत आहे. एकेक चिठ्ठी उचलायची आणि ती जुन्या प्रतीत कुठली हे शोधायचं. चिठ्ठीत एखादा शब्द वेगळा असेल तर ती लिहिणाऱ्याची चूक की खरा पाठभेद, हे नंतर बघायचं. आधी जागा सापडली पाहिजे.

गुण आणि दंड

संगणक जागा गुणांवर ठरवतो. बीडब्ल्यूए-मेम हे हेंग ली यांचं प्रोग्रॅम बहुतेक प्रयोगशाळांत असतं, त्याचे मूळ आकडे पाठच करून टाका. अक्षर जुळलं की १ गुण. नाही जुळलं तर ४ दंड. मध्ये अक्षरं गळालेली किंवा जास्तीची असतील तर फट उघडायचे ६ आणि शिवाय प्रत्येक अक्षरामागे १. रीडचं टोक जुळवणीतून सोडून द्यायचं, म्हणजे क्लिप करायचं, त्याचा दंड ५.

१५० अक्षरांच्या रीडमध्ये के-४१७-एनचा एकच बदल असेल तर १४९ वजा ४, म्हणजे १४५. छान बसतो. आता डेल्टाचाच दुसरा बदल घ्या. २२,०२९ ते २२,०३४ ही सहा अक्षरं डेल्टामध्ये गळून गेलेली आहेत. रीडच्या मधोमध ही गळती आली तर फटीचा दंड ६ अधिक ६, बारा. १५० वजा १२, म्हणजे १३८. हेही छान.

गंमत येते ती रीडच्या टोकाशी. गळतीनंतर रीडमध्ये फक्त पाचच अक्षरं उरली असतील तर? फट उघडून ती पाच जुळवली तर मिळकत ५ आणि दंड १२, सात गुणांचा तोटा. टोक सोडून दिलं तर दंड ५. प्रोग्रॅम टोक सोडतो. शेपटीत सात अक्षरं असली तरी सोडतो, कारण तेव्हा दोन्हीकडे तोटा पाचच होतो आणि बरोबरीत टोक सोडायचं असा त्याचा नियम आहे. आठ अक्षरं असली की फट उघडतो. म्हणजे गळतीपासून सात अक्षरांच्या आत संपणारा एकही रीड त्या गळतीची साक्ष देत नाही. तो खोटंही बोलत नाही, गप्प बसतो.

आता हाच रीड पूर्ण टोकापर्यंत जुळवायचाच, क्लिप करायचंच नाही, असं ठरवलं तर? बोटाय-२ हे प्रोग्रॅम मुळात याच पद्धतीने चालतं. तिथे न जुळणाऱ्या अक्षराला जास्तीत जास्त ६ दंड, फटीला ५ आणि प्रत्येक अक्षरामागे ३. सहा अक्षरांच्या गळतीला एकूण २३. समजा गळतीनंतर रीडमध्ये तीनच अक्षरं आहेत : जी-ए-जी. फट न उघडता सरळ बसवली तर संदर्भात समोर येतात ए-जी-टी. तिन्ही चुकतात, दंड १८. अठरा तेवीसपेक्षा कमी, म्हणून प्रोग्रॅम आनंदाने ती तशीच बसवतो. आणि तुमच्या यादीत २२,०२९, २२,०३० आणि २२,०३१ असे तीन नवे कोरे बदल दिसायला लागतात, जे जगात कुठल्याच विषाणूत नाहीत! शेपटीत चार अक्षरं असली तरी हेच होतं, कारण चौथं अक्षर योगायोगाने जुळतं.

वर्गात हे गणित फळ्यावर केलं तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, मग बोटाय वाईट का?" नाही रे. त्यातही टोक सोडायची सोय आहे, ती मागावी लागते. कुठल्या प्रोग्रॅमने मूळ सेटिंगमध्ये काय गृहीत धरलंय ते आपल्याला ठाऊक हवं, एवढंच. आणि असे खोटे बदल ओळखायला सोपे असतात. ते फक्त रीडच्या शेवटच्या तीन-चार अक्षरांतच दिसतात, मधल्या भागात कधीच नाही. आयजीव्हीमध्ये फाईल उघडून डोळ्यांनी बघा. ज्याने कधी डोळ्यांनी बघितलं नाही त्याच्या यादीवर मी विश्वास ठेवत नाही.

माझी स्वतःची एक चूक

सुरुवातीला मीही शहाणपणा केला होता. वाटलं, चुकीच्या जुळवण्या नकोत, जरा कडक करू. न जुळणाऱ्या अक्षराचा दंड ४ चा ८ केला. बाकी आकड्यांना हात लावला नाही. निकाल एकदम स्वच्छ दिसला. फाईलमध्ये विजोड अक्षरं कमी, मी खूश.

मग लक्षात आलं की काय झालंय. मूळ सेटिंगमध्ये विजोड अक्षराला ४ आणि टोक सोडायला ५ दंड आहे. हा एकाचा फरक मुद्दाम ठेवलेला आहे. त्यामुळे रीडच्या अगदी शेवटच्या अक्षरात खरा बदल असला तरी तो टिकतो, कारण चारचा तोटा पाचपेक्षा बरा. मी आठ केल्यावर उलटं झालं. बदल शेवटच्या चार अक्षरांत कुठेही असला तर टोक सोडणंच स्वस्त. म्हणजे ज्या रीडमध्ये संदर्भासारखं अक्षर होतं ते पूर्ण मोजले गेले आणि ज्यांत बदल होता त्यांचं टोक छाटलं गेलं. मोजणी हळूच संदर्भाच्या बाजूला झुकली. मला जे 'स्वच्छ' वाटलं ते खरं म्हणजे बदल झाकणं होतं.

यातून एक गोष्ट ध्यानात घ्या. हे आकडे एकटे कधी फिरत नाहीत, त्यांचं एकमेकांशी प्रमाण महत्त्वाचं. सगळेच दुप्पट केले तर जागा त्याच राहतात. मिनिमॅप-२ मध्ये छोट्या रीडसाठी जी तयार सेटिंग आहे तिच्यात जुळलं तर २, चुकलं तर ८, फटीला १२ आणि प्रत्येक अक्षरामागे २ असे आकडे आहेत. बघितलंत? बीडब्ल्यूएचेच आकडे दुप्पट करून ठेवलेत. बीडब्ल्यूएमध्ये तर जुळल्याचा गुण वाढवला की दंडही त्याच पटीत आपोआप वाढतात, तुम्ही स्वतः वेगळा आकडा दिला नसेल तर.

फटीचा दंड कमी केला तर गळती जास्त पकडली जाईल, हे खरं. पण मग एकाच अक्षराची रांग असते तिथे, ए-ए-ए-ए-ए अशी, मशीनच्या चुकांनाही प्रोग्रॅम गळती म्हणायला लागतो. नॅनोपोर मशीनच्या रीडमध्ये ही खोड जास्त, म्हणून त्यांच्यासाठी सेटिंगच वेगळी असते आणि इल्युमिनाची तिथे वापरू नये. एक युक्ती सांगतो. स्पाइकच्या मधोमध एक किंवा दोन अक्षरांची गळती दिसली तर आधी संशय घ्या. तीनच्या पटीत नसेल तर पुढचं सगळं प्रथिनच बिघडतं, असा विषाणू बहुधा टिकत नाही. डेल्टाची गळती सहाची आहे, उगाच नाही.

बियाणं केवढं पेरायचं

सीड म्हणजे बियाणं. प्रोग्रॅम आधी रीडमधला एक तुकडा जसाच्या तसा संदर्भात शोधतो आणि मग दोन्ही बाजूंना वाढवतो. बीडब्ल्यूए-मेममध्ये हा तुकडा किमान १९ अक्षरांचा लागतो. १५० अक्षरांच्या रीडमध्ये तीन बदल असले तरी ते तीन बदल उरलेल्या १४७ अक्षरांचे चारच भाग करतात, म्हणजे निदान एक भाग ३७ किंवा जास्त अक्षरांचा असणारच. १९ चं बी आरामात रुजतं. तेच बी ४० चं केलंत तर काही रीड जागा न सापडता परत येतील, आणि ते नेमके जास्त बदल असलेले असतील! वेग वाढला म्हणून खूश होऊ नका. फार लहान केलंत तर रुग्णाच्या स्वतःच्या डीएनएचे भटके तुकडेही विषाणूवर कुठेतरी चिकटायला बघतात. विषाणूसाठी १९ ला हात लावायची गरज मला तरी कधी पडली नाही.

खरी मेख : प्रायमर

आता मूळ मुद्द्यावर येतो, इथे जरा सावकाश वाचा.

घशातल्या नमुन्यात विषाणू थोडा असतो, म्हणून आधी पीसीआरने त्याच्या प्रती वाढवतात. सगळा जीनोम एकदम वाढत नाही. साधारण ४०० अक्षरांचे, एकमेकांवर कौलांसारखे चढलेले तुकडे करून वाढवतात. प्रत्येक तुकड्याच्या दोन टोकांना प्रायमर. हे प्रायमर आपण प्रयोगशाळेत बनवून घातलेले असतात, आणि बनवताना वुहानचा संदर्भ बघून बनवलेले असतात. त्या वर्षी जगभर आर्टिक संचाची तिसरी आवृत्ती सर्रास वापरली जात होती, ९८ तुकड्यांची.

तिच्यातल्या ७६ व्या तुकड्याचा डावा प्रायमर नेमका ४१७ व्या जागेवर बसतो. ए-ए-जी ही तीन अक्षरं त्या प्रायमरच्या आतच आहेत.

म्हणजे काय झालं समजलं का? रुग्णाच्या विषाणूत ए-ए-टी असलं तरी ७६ व्या तुकड्याच्या प्रतींमध्ये त्या जागी प्रायमरचंच ए-ए-जी येणार. ते अक्षर रुग्णाचं नाही, ते बाटलीतून आलेलं आहे. खरं अक्षर दिसतं ते फक्त शेजारच्या ७५ व्या तुकड्यात, कारण त्याच्या पोटात ही जागा येते, टोकाला नाही.

वर्गासाठी बनवलेले आकडे घेऊ. २२,८१३ व्या जागेवर ७५ व्या तुकड्याचे ३०० रीड, सगळ्यांत टी. ७६ व्या तुकड्याचे ५०० रीड, सगळ्यांत प्रायमरचा जी. प्रायमर छाटला नाही तर एकूण ८०० पैकी टी ३०० मध्ये, म्हणजे ३७.५ टक्के. बहुमत जीचं. निकाल : साधा डेल्टा. प्रायमर छाटला तर ५०० रीडमधलं ते टोक मोजणीतून बाद, उरले ३०० पैकी ३०० टी. निकाल : डेल्टा प्लस. नमुना तोच, मशीन तेच, जुळवणीही तीच.

याहून वाईट म्हणजे ७५ वा तुकडा त्या नमुन्यात वाढलाच नाही तर? प्रायमर छाटलेला असेल तर त्या जागेवर शून्य रीड उरतात आणि प्रोग्रॅम तिथे एन लिहितो, म्हणजे 'माहीत नाही'. न छाटलेल्या फाईलमध्ये मात्र ५०० रीड ठामपणे जी सांगतात. खोली भरपूर, दर्जा उत्तम, आणि उत्तर पूर्ण चूक. एन बघून मुलं नाराज होतात, पण एन हे प्रामाणिक उत्तर आहे.

म्हणून क्रम असा ठेवायचा : आधी जुळवणी, मग जागेनुसार प्रायमर छाटणं, मग मोजणी. छाटण्यासाठी आयव्हार नावाचं प्रोग्रॅम चालतं. त्याला प्रायमरच्या जागांची यादी द्यावी लागते आणि ती यादी तुम्ही वापरलेल्या संचाच्या त्याच आवृत्तीची हवी. तिसऱ्या आवृत्तीचे रीड आणि चौथ्या आवृत्तीची यादी असं झालं तर प्रोग्रॅम तक्रार करत नाही, भलत्याच जागा छाटतो. अंतिम क्रम लिहिताना ते मुळात किमान १० रीड मागतं. दहाच्या खाली एन. हा आकडा कमी करून एन भरून काढायचा मोह आवरा.

डेल्टाने या तिसऱ्या आवृत्तीला तसाही बराच त्रास दिला. वर सांगितलेली सहा अक्षरांची गळती ७२ व्या तुकड्याच्या उजव्या प्रायमरवरच येते. प्रायमर नीट बसत नाही, तुकडा वाढत नाही आणि स्पाइकच्या सुरुवातीच्या भागात रीडचा खड्डा पडतो. तो खड्डा जुळवणीची कुठलीही सेटिंग बदलून भरत नाही. जे वाढलंच नाही ते कसं जुळणार? तो दोष पहिल्या पायरीचा आहे, आणि जून २०२१ मध्येच आर्टिकने चौथी आवृत्ती काढली ती यासाठीच.

आणि हापूसचं काय?

एका विद्यार्थिनीने विचारलं, "सर, हेच आकडे आंब्याला चालतील का?" प्रश्न रत्नागिरीचाच आहे, आणि चांगला आहे. हापूसचा संपूर्ण जीनोम २०२० मध्ये जाहीर झाला. २० गुणसूत्रं, सुमारे ३९ कोटी अक्षरं. विषाणूच्या तेरा हजार पट! गुण-दंडाचे आकडे तेच चालतात, पण अडचण दुसरीच येते. विषाणूत बहुतेक रीडला एकच जागा असते. आंब्यात तेच तेच भाग पुन्हा पुन्हा येतात, शिवाय त्याच्या पूर्वजांत पूर्ण जीनोम दुप्पट होऊन गेलेला आहे, त्यामुळे एकसारख्या जनुकांच्या जोड्या सापडतात. रीड दोन जागी सारखाच बसला तर प्रोग्रॅम त्यातली एक निवडतो आणि मॅपिंग क्वालिटी शून्य देतो. बीडब्ल्यूए-मेममध्ये हा आकडा ० ते ६० असतो. विषाणूत तो कोणी फारसा बघत नाही, आंब्यात आधी तोच बघायचा. यावर वेगळा पाठ लिहीन, मे महिना संपल्यावर. आत्ता घरी पेट्या भरायच्या आहेत.

जाता जाता एक राहिलं. डेल्टा प्लस साध्या डेल्टाहून जास्त पसरेल ही त्या वेळची भीती खरी ठरली नाही, काही महिन्यांत तो मागे पडला. पण त्या जूनमध्ये हे कोणालाच ठाऊक नव्हतं. तेव्हा फक्त एक अक्षर होतं आणि ते बरोबर वाचायचं होतं.

घरी सोडवा : (१) बीडब्ल्यूए-मेमच्या मूळ आकड्यांत सहाऐवजी तीन अक्षरं गळालेली असतील, तर गळतीनंतर रीडमध्ये किमान किती अक्षरं उरली पाहिजेत म्हणजे फट उघडली जाईल? (२) फट उघडायचा दंड ६ चा १२ केला तर सहा अक्षरांच्या गळतीसाठी हीच संख्या किती होईल? (३) वरच्या उदाहरणात ७५ व्या तुकड्याचे फक्त ८ रीड असते, सगळे टीचे, आणि प्रायमर छाटलेला असता, तर अंतिम क्रमात २२,८१३ व्या जागेवर काय लिहिलं जाईल? पहिल्या दोन गणितांत पायऱ्या दाखवा, नुसतं उत्तर चालणार नाही. सोमवारी वह्या बघतो.